सुस्पष्ट पडद्यावरील ‘झपाटलेला’

महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ साली प्रदर्शित झाला. मरणोन्मुख गुन्हेगार तात्या विंचू मंत्रबळाने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि पुढे लक्ष्याच्या देहाचा ताबा मिळविण्याची खटपट करतो, हे त्याचे कथानक होय. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटाशी त्याचे नाते उघड आहे. मात्र तेथील बालकाच्या जागी येथे लक्ष्मीकांत बेर्डे आले आणि भयपटाचा विनोदपट झाला.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांतील पुष्कळांना हा चित्रपट ठाऊक आहे तो दूरचित्रवाणीच्या जुन्या पेटीवरून. त्या पेटीवरील चित्र ६२५ रेषांचे, आणि त्यांतही प्रत्यक्ष दिसणाऱ्या रेषा सुमारे ५७६ च असत. आजच्या सुस्पष्ट पडद्यावर त्या १०८० होतात. हा तपशील नव्याने निर्माण होतो असे मात्र नव्हे. चित्रफितीवर तो आरंभापासून होताच. पेटीने तो गाळला होता.

या गाळण्याचा लाभ बाहुल्यास मिळत असे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. मानवी रूपातील तात्या दिलीप प्रभावळकरांनी उभा केला. बाहुल्याला चालना दिली रामदास पाध्ये यांनी. बोलक्या बाहुल्याच्या जबड्याला खालून वर अशी एकच हालचाल असते. चित्र अंधुक असले की तिच्यातील उणीव प्रेक्षकाची कल्पना भरून काढते. चित्र स्वच्छ झाले की रंगविलेली कातडी आणि जबड्याची फट डोळ्यांत भरते. भय ओसरते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु विनोद वाढतो! बाहुला जितका निर्जीव दिसेल तितकी त्याला पाहून बेर्डे यांची उडणारी गाळण अधिक हास्यकारक ठरते, आणि त्यांच्या डोळ्यांतील बारीकसारीक बदल आता कोठे नीट दिसू लागतात.

यातून जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. फितीवरील ओरखडे व धूळ काढावी, याविषयी दुमत नाही. फितीचा स्वाभाविक कण पुसला तर चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात; रात्रीचे प्रसंग अवाजवी उजळले तर छायालेखकाने योजलेला काळोखच नाहीसा होतो. पण बाहुला हालविणारी एखादी दोरी चौकटीत उमटलीच, तर ती दोष म्हणून पुसावयाची, की पाध्यांसारख्या कलावंताच्या हस्तकौशल्याची खूण म्हणून राखावयाची? संगणकावर ती पुसणे आज सोपे झाले आहे. एकदा पुसलेली प्रतच सर्वत्र प्रसृत झाली, तर पुढील अभ्यासकास हा बाहुला हाताने चालविला होता की यंत्राने, हे मूळ निगेटिव्ह पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही.