उद्यमबागला शिकायला निघालेल्या पोरांचा लॅपटॉप: इंजिन बघतो तसा बघून घ्या

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली, इंजिन उघडून ठेवलेलं. घरात येणं बंद आणि जाणं चालू. आणि नेमकं याच दिवसांत ॲडमिशनचे फॉर्म, फी, होस्टेल आणि मग हळूच एक वाक्य येतं, "बाबा, एमटेकला लॅपटॉप लागणार." एमटेक नसेल तर एमसीए, एमबीए. रक्कम लहान नसते. बर्फ, डिझेल आणि खलाशांची उचल यांच्यासाठी राखलेल्या पैशातूनच ती काढायची असते. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून आंबोली घाट चढून आणि गोव्याकडून चोर्ला घाटाने बरीच पोरं बेळगावला शिकायला जातात. त्यातली बरीचशी उद्यमबागच्या आसपास राहतात. तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागलं की हा भाग येतो. फाउंड्री, मशीन शॉप, सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने, आणि त्यांच्यामध्येच कर्नाटक लॉ सोसायटीचं गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. १९७९ पासूनचं कॉलेज. याच रस्त्याने पुढे मच्छेला १९९८ साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. खोल्या मिळतात त्या अनगोळ, मजगाव, उद्यमबाग या बाजूला.

पहिली गोष्ट अशी की ॲडमिशन झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानात धावू नका. दुकानदार विचारणार, "कोर्स कुठला?" तुम्ही सांगणार, "इंजिनिअरिंग." तो लगेच लाल-निळे दिवे लागणारा गेमिंग लॅपटॉप पुढे करणार. पोरालाही तोच हवा असतो, खरं सांगायचं तर. पण एमटेकच्या एका शाखेचं काम दुसरीसारखं नसतं, आणि कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं ते डिपार्टमेंट ठरवतं. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गाइड किंवा वरच्या वर्षाची पोरं ते सांगतात. तोवर कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर असतातच. तेवढं थांबलं तर काम समजतं आणि ऑगस्टमध्ये होड्याही पाण्यात गेलेल्या असतात. दोन्ही अंगांनी फायदा.

आता कामाप्रमाणे काय लागतं ते बघू. एमबीए असेल तर वर्ड, एक्सेल, प्रेझेंटेशन आणि ऑनलाइन मीटिंग, बस्स. त्याला भारी ग्राफिक्स कार्ड म्हणजे वल्ह्याच्या होडीला सहा सिलिंडरचं इंजिन. एमसीए किंवा कॉम्प्युटरचं एमटेक असेल तर रॅम जास्त हवी, कारण एकाच वेळी चार-पाच प्रोग्राम चालू असतात. एआयचं शिकणाऱ्या पोरांना वाटतं की एनव्हिडियाचं मोठं कार्ड घेतल्याशिवाय भागणार नाही. पण खरोखर मोठं मॉडेल कुठल्याच लॅपटॉपवर नीट शिकवता येत नाही. ते काम लॅबच्या सर्व्हरवर किंवा गूगल कोलॅबसारख्या ऑनलाइन सोयीवर करतात. कोलॅबचा मर्यादित वापर फुकट आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना मात्र सॉलिडवर्क्स, ॲन्सिस, ऑटोकॅड लागतं. त्यांच्यासाठी ग्राफिक्स कार्डाचा खर्च समजू शकतो. आणि इथे एक सावधगिरी: सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. मॅकबुक चांगला आहे, बॅटरी दिवसभर टिकते, सगळं खरं. पण मेकॅनिकलच्या पोराने तो हौसेने घेतला तर प्रोजेक्टच्या वेळी मित्राचा लॅपटॉप मागत फिरावं लागेल.

आपल्यातली काही पोरं मत्स्यशास्त्राकडेही वळतात. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मंगळूरचं कॉलेज, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. तिथे एमएफएससीला आकडेवारीचं काम बरंच असतं. त्यासाठी लागणारं 'आर' आणि नकाशांसाठी लागणारं 'क्यूजीआयएस' ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. या पोरांनी पैसे वाचवावेत आणि चांगले गमबूट घ्यावेत.

कुठलाही कोर्स असो, नवा घेताना रॅम १६ जीबी धरा. ८ जीबीवर आज काम भागेल, दुसऱ्या वर्षाला रखडेल. ८ जीबीचा घ्यायचाच झाला तर एकच प्रश्न विचारा, "रॅम नंतर वाढवता येते का?" हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. तिथे नंतर काही करता येत नाही, घेतली तेवढीच जन्मभर. रिकामा स्लॉट असेल तर पुढच्या हंगामात पैसे आले की वाढवता येते. २०२५ च्या अखेरपासून मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे मी इथे किमतीचे आकडे मुद्दाम लिहीत नाही. आज लिहिलेला आकडा महिन्याभरात खोटा ठरतो. एसएसडी ५१२ जीबी पुरते. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप कोणी दिला तर मुख्य म्हणून घेऊ नका. एसटीच्या हादऱ्यात ती लवकर जाते.

इंजिन घेताना आपण रंग बघत नाही. स्पेअर बंदरावर मिळतो का, नोझल गेलं तर मिस्त्री किती वेळात येतो, शेजारच्या होडीवर तेच इंजिन किती वर्षं चाललं, हे विचारतो. लॅपटॉपलाही हाच हिशेब लावा. प्रत्येक मोठ्या कंपनीचे दोन प्रकार असतात. एक घरगुती, दिसायला झकास, जाहिरातीतला. दुसरा ऑफिससाठी काढलेला: डेलचा प्रो (२०२५ पर्यंतचा लॅटिट्यूड), एचपीचा प्रोबुक आणि एलिटबुक, लेनोवोचा थिंकपॅड. हे दिसायला काळे-करडे, कंटाळवाणे. पण बिजागरी मजबूत, कीबोर्ड बदलता येतो, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात, कारण हजारो ऑफिसांत तेच मॉडेल चालू असतं. पोराला पटवायला जरा वेळ लागेल. तरी माझं मत विचाराल तर दोन वर्षांच्या शिक्षणाला हाच माल बरा.

वॉरंटीच्या बाबतीत 'ऑनसाइट' हा शब्द नीट धरून ठेवा. ऑनसाइट म्हणजे मेकॅनिक घरी येणार, नाहीतर आपण सर्व्हिस सेंटरला न्यायचा. पण घरी येण्याची सोय प्रत्येक पिनकोडला असतेच असं नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि दोन पिनकोड सांगा: एक उद्यमबागचा, ५९०००८, आणि दुसरा आपल्या गावचा. दोन्हीकडे माणूस येतो का ते विचारा. दुकानदाराच्या "येतो हो, का नाही येणार" वर जाऊ नका. साध्या वॉरंटीत पाणी किंवा चहा सांडणं, पडून फुटणं धरलेलं नसतं. त्यासाठी अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. होस्टेलवर राहणाऱ्याने ते घेतलेलं बरं. रॅम चार आकड्यांनी कमी-जास्त झाली तरी चालेल, हे सोडू नका.

जुना, म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉप घेण्यात लाज वाटायचं काही कारण नाही. आपण जुनी इंजिनं घेतोच की. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप काढतात, तोच माल साफसूफ होऊन बाजारात येतो. पण इथे फसवणूकही तेवढीच. विंडोज १० ची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार 'आय-७ आहे, आय-७ आहे' म्हणून ओरडेल, पण तो सहाव्या पिढीचा असेल तर नियमाने त्यावर विंडोज ११ चढत नाही. आय-५ किंवा आय-७ च्या पुढचा आकडा बघा. ८२५० सारखा असेल तर आठवी पिढी, ११३५ सारखा असेल तर अकरावी. जुन्या आय-७ पेक्षा अलीकडचा आय-५ केव्हाही चांगला.

जुन्यातली दुसरी तपासणी बॅटरीची. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढता येतो, पोरांना ते येतं. त्यात दोन आकडे दिसतात: बॅटरी नवी असताना किती भरायची आणि आता पूर्ण चार्जला किती भरते. पहिला ५०,००० आणि दुसरा ४०,००० असेल तर शंभरातली ऐंशी ताकद उरली. त्याच्या खूप खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कापून घ्या. मग कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून बघा, कॅमेरा चालू करा, चार्जर लावून तारेला जरा हलवा. आणि वीस मिनिटं चालू ठेवून खालून हात लावा. इंजिनची धग तळहाताने ओळखणाऱ्यांना हे शिकवायला नको.

पैशाचं. भारतीय बँक संघाच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्ससाठी गरज असेल तर कॉम्प्युटरचा वाजवी खर्चही कर्जात धरता येतो. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला आपल्या पदरचं मार्जिन लागत नाही. आपल्याकडे बरेच जण फी आणि होस्टेल एवढंच लिहितात आणि लॅपटॉप नंतर कार्डावर घेतात. तसं करू नका. कर्जाचा अर्ज भरतानाच कॉलेजचं पत्र आणि दुकानाचं कोटेशन जोडून तो खर्च दाखवा. नंतर वाढवून मागायला गेलं की बँकेत फेऱ्या सुरू.

'नो कॉस्ट ईएमआय' नावाला फुकट असतो. व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच बिलात येते. शिवाय रोख घेतल्यावर मिळणारी सूट जाते ती वेगळीच. दोन्ही भाव लिहून घ्या आणि मगच ठरवा. हप्ता घेतलाच तर तो पावसाळ्यात येणार नाही असं बघा. जून-जुलैचा हप्ता कुठून भरणार?

आणि एक कडक बोलायचं आहे. मच्छीमारांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळतंय. त्यातला पैसा डिझेल, बर्फ, जाळं यासाठी आहे. तो हंगामात फिरून परत येतो, वेळेत भरला तर व्याजात सूट मिळते. लॅपटॉपमधून तो पैसा हंगामात परत येत नाही. पोराच्या शिक्षणासाठी शैक्षणिक कर्जच घ्या, कार्डाला हात लावू नका.

घेतल्यानंतरची काळजी. खाऱ्या हवेने वायरलेस सेटच्या पिना कशा हिरव्या होतात ते आपण बघतोच, लॅपटॉपच्या आत तेच होतं. सुट्टीत गावी आणला तर समुद्राकडच्या खिडकीपाशी ठेवू नका, आणि होडीवर तर अजिबात नेऊ नका. खारं पाणी उडालंच तर लगेच बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीला द्या. "चालू होतो का बघू" म्हणून बटण दाबलं की बोर्ड गेला. उद्यमबागला वेगळाच शत्रू आहे. प्रोजेक्टसाठी पोरं फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये जातात. तिथे ग्राइंडिंगची बारीक लोखंडी धूळ उडत असते. ती पंख्यातून आत ओढली जाते, आणि लोखंडातून वीज वाहते हे सांगायला नको. फ्लोअरवर वही-पेन आणि मोबाइलचा फोटो, लॅपटॉप ऑफिसच्या खोलीत. भिंतीतला प्लग तीन पिनांचा, अर्थिंग असलेला हवा, आणि वीज कडाडायला लागली की चार्जर काढलेला बरा.

दुकानदार "सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतो आणि थिसिसच्या फाइल घेऊन जातो. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती मर्यादेत फुकट आहे, लिब्रेऑफिस सगळ्यांनाच फुकट. मायक्रोसॉफ्ट ऑफिस कॉलेजच्या ईमेलवर मिळतं का ते आधी विचारा. थिसिसच्या तीन प्रती हव्यात: लॅपटॉपवर एक, बाहेरच्या ड्राइव्हवर एक, गूगल ड्राइव्हवर एक. तिथे १५ जीबी फुकट आहेत, लिखाणाला ते पुरून उरतात. बाहेरचा ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही. पिशवी एसटीत राहिली तर दोन्ही जातात.

बिल जीएसटीचं, पोराच्या किंवा पालकाच्या नावाचं, आणि त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला असलाच पाहिजे. तोच नंबर लॅपटॉपच्या खाली आहे का ते दुकानातच ताडून बघा आणि तिथेच कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा. नव्या म्हणून विकलेल्या लॅपटॉपची वॉरंटी सहा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर पैसे देऊ नका. बिलाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. कागद पावसात भिजतो.