बाटलीपासून हातापर्यंत

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वाशीतून एक अहवाल बाहेर पडला. १९६६ पासून मुंबईत काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या बाजारातून हँड सॅनिटायझरचे १२२ नमुने गोळा केले आणि वाशीच्या आपल्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासले. त्यातल्या ४५ नमुन्यांत लेबलावरचा मजकूर आणि आतला माल जुळत नव्हता. पाच नमुन्यांत चक्क मिथाइल अल्कोहोल निघाले. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि कातडीतूनही ते शरीरात शिरते.

खांदेश्वर स्टेशनात हार्बर लोकल पकडली की वाशी थेट येते. स्टेशनाजवळच्या खांदा कॉलनीसाठी ही बातमी परक्या गावची नव्हती. कोरोनाच्या त्या दिवसांत सोसायट्यांच्या फाटकांवर पायाने दाबायचे स्टँड उभे होते, दुकानांच्या काउंटरवर बाटल्या होत्या, आणि त्या कुणी भरल्या हे विचारायला कुणालाच उसंत नव्हती.

मागे वळून पाहिले तर हे कसे घडले ते स्पष्ट दिसते. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंमध्ये घातले. पुढच्या आठवडाभरात २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा आली. डिस्टिलऱ्या आणि साखर कारखाने सॅनिटायझर बनवू लागले. २७ जुलैला विक्रीसाठी लागणाऱ्या परवान्याची अटही काढली गेली. टंचाई संपवायला हे करणे भागच होते. पण माल ज्या वेगाने वाढला त्या वेगाने तपासणी वाढली नाही, आणि ती उणीव एका स्वयंसेवी संस्थेला भरून काढावी लागली, हे विसरता कामा नये.

वाशीतल्या तपासणीचा प्रश्न मात्र एवढाच होता : बाटलीत काय आहे? त्या द्रवाने हातावरचे जंतू मरतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची चाचणी कितीतरी अवघड.

ती अडचण जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८१ मध्येच ओळखली होती. रेशमाच्या धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू वाळवून तो ते निरनिराळ्या जंतुनाशकांत बुडवी आणि मग ते पुन्हा वाढतात का ते पाही. तेलात मिसळलेले कार्बोलिक आम्ल तेव्हा शस्त्रक्रियेत वापरात होते. कॉखच्या धाग्यांवर ते निरुपयोगी ठरले. जंतूची वाढ थांबणे आणि जंतू मरणे यांतला फरकही त्याने नेमका मांडला. धाग्याला चिकटून आलेले औषध जंतू वाढवायच्या बशीतही काम करत राहिले, तर जंतू जिवंत असूनही मेल्यासारखे भासतात.

हाच कॉख १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आला. तेव्हा शहरात घरे, गटारे, सामान यांवर जंतुनाशकांचा मारा चालू होता. जंतुनाशके खोटी नव्हती, पण प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांतून. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत तसा पुरावा मांडला. औषध जंतू मारते एवढ्यावरून ते आजार रोखेल असे ठरत नाही. मुंबईने याची फार मोठी किंमत मोजली.

आजही विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प म्हणजे आगरच्या बशीत जंतू पसरायचे, मध्ये भोक पाडून त्यात हँडवॉश किंवा सॅनिटायझर घालायचे आणि भोवती किती रिंगण मोकळे राहते ते पट्टीने मोजायचे. शिकण्यासाठी प्रयोग उत्तम. पण अल्कोहोल बशीतून उडून जाते, म्हणून चांगल्या सॅनिटायझरचे रिंगणही कधी चिमुकले दिसते. उलट ट्रायक्लोसानसारखे रसायन आगरमध्ये झिरपते आणि ऐसपैस वर्तुळ दाखवते. त्यावरून हात किती स्वच्छ होतील हे कळत नाही.

हातावरची खरी परीक्षा ईएन १५०० या युरोपीय मानकात आहे. स्वयंसेवक हात धुऊन ई. कोलायच्या निरुपद्रवी वाणाच्या द्रावणात अर्ध्या तळव्यापर्यंत बुडवतात, वाळवतात आणि बोटांची टोके पोषक द्रवात घासून देतात. ही झाली आधीची मोजणी. मग उत्पादन चोळायचे आणि पुन्हा मोजायचे. त्याच व्यक्तीवर दुसऱ्या फेरीत ६० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात : ३ मिलिलिटर, दोनदा, एकूण ६० सेकंद. उत्पादन या तुलनेत उणे ठरता कामा नये. नमुना घेताच औषधाचा परिणाम थांबवणारे रसायन घालावे लागते, कारण कॉखला दिसलेली ती जुनी फसगत इथेही होऊ शकते. फाटकावरच्या स्टँडमधून पडलेला थेंबभर द्रव आणि दोन सेकंदांची चोळाचोळ या परीक्षेच्या जवळपासही जात नाही.

आणि बाटल्यांवरचा ‘९९.९ टक्के जंतू मारते’ हा दावा? दहा लाख जंतूंपैकी तेवढे मेले तरी एक हजार उरतात. शिवाय ही टक्केवारी कोणत्या जंतूंवर, किती वेळात, परीक्षानळीत की हातावर मिळाली, यावर सगळे अवलंबून. बाजारात मात्र दाव्यांची चढाओढ. मार्च २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली : डेटॉल हँडवॉशची जाहिरात साबणाच्या वडीला कुचकामी ठरवते, अशी तिची तक्रार होती. डेटॉल बनवणाऱ्या रेकिटने ती जाहिरात महिनाभर थांबवण्याचे मान्य केले.

साबणाच्या वडीची सर्वांत मोलाची परीक्षा त्याआधीच, पुन्हा कराचीतच, झाली होती. स्टीफन लूबी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ३६ गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना साधा साबण दिला, काहींना ट्रायक्लोकार्बन असलेला जंतुनाशक साबण, आणि घरोघरी जाऊन हात धुण्याचा पाठपुरावा केला. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्याने घटला, जुलाबही जवळपास तितकेच कमी झाले. साध्या आणि जंतुनाशक साबणात फरक मात्र दिसला नाही. इथे मोजली गेली होती ती आजारी मुले, बशीतली रिंगणे नव्हेत. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन यांसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावले. रोजच्या वापरात ते सुरक्षित आहेत आणि साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

अल्कोहोलची गोष्ट वेगळी. ६० टक्क्यांहून अधिक असेल आणि हात मळके नसतील तर ते झटपट काम करते; रुग्णालयांत त्याला तोड नाही. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर ते कमी पडते, जिवाणूंच्या बीजाणूंवर तर चालतच नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. खांदा कॉलनीतल्या ग्राहकाला हे बाटलीवरच वाचता आले पाहिजे : अल्कोहोल किती, हातावर किती घ्यायचे, किती सेकंद चोळायचे, आणि दाव्यामागची चाचणी कोणत्या मानकाची.