साच्यातली पायवाट, मुरमाचा पाया

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात साचा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भोसरीच्या फाउंड्रीत पॅटर्न वाळूत दाबला जातो, चाकणच्या शेडमध्ये मोल्डिंगची मशिनं तीन पाळ्यांत चालतात, आणि प्रत्येक गल्लीत टूलरूममध्ये, क्वालिटीत किंवा लाइनवर काम करणारं कुणीतरी राहतंच. अंगणातली काँक्रीटची पायवाट आपल्या हातानं ओतणं हे काम अशा माणसाला परकं वाटू नये. ओबडधोबड दगडी फरसबंदीचा आकार असलेले प्लास्टिकचे चौकोनी साचे आता सहज मिळतात. साचा जमिनीवर ठेवायचा, माल भरायचा, थापीनं सारखा करायचा, साचा सरळ वर उचलायचा आणि पुढे सरकायचं. गुरुवारच्या एका सुट्टीत फाटकापासून दारापर्यंतची वाट ओतून होते.

तरीही अशा वाटा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर डुगडुगू लागतात, कडा सुटतात, मध्ये डबकी साचतात. यात साच्याचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा खालची जमीन कच्ची राहिलेली असते किंवा माल कालवताना पाणी जास्त पडलेलं असतं. म्हणून साचा कुठला घ्यावा यापेक्षा या दोन गोष्टींवर जास्त बोलायला हवं.

आधी जमीन. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीकडच्या पेठांमध्ये नियोजनबद्ध भूखंड पडले. तिथल्या बंगल्यांना आणि रो-हाउसना पुढेमागे सोडलेलं सामासिक अंतर हीच इथल्या बहुतेकांची बाग. चाकणकडे गेलं की निघोजे, महाळुंगे, कुरुळी अशा गावांत नवी घरं थेट शेताच्या बांधाला लागून उभी आहेत. या सगळ्या भागाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, पण वरची माती जागोजागी बदलते. टेकडीच्या अंगाला मुरमाड, तर पवना, इंद्रायणी, भामा यांच्या काठाकडे काळी. मुरमाड जमीन भली असते. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या मातीतल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात, त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. पाच सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट हा रेटा अडवू शकत नाही. रस्ते बांधणारेसुद्धा बऱ्याचदा काळ्या मातीशी झगडत बसत नाहीत, ती काढून टाकतात.

आपल्या अंगणात कुठली माती आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिलमध्ये भेगा पडत असतील आणि जुलैत चपलेला चिखलाचा गोळा चिकटत असेल तर ती काळी समजावी. मुरमाड जमिनीत १५ सेंटीमीटर खोदलं तरी चालतं. काळ्या मातीत २५ ते ३० सेंटीमीटर जायला हवं, आणि वाटेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर जास्त. निघालेली काळी माती फेकू नये. कुंड्यांना आणि वाफ्यांना तिच्यासारखी माती विकत मिळत नाही.

खड्ड्यात मुरूम भरायचा तो एकदम नाही. दहा सेंटीमीटरचा थर, त्यावर पाणी शिंपडून धुमस, मग पुढचा थर. धुमस जमिनीवर आपटल्यावर बदबद आवाज येण्याऐवजी टणक आवाज येऊ लागला आणि टाचेचा ठसा उमटेनासा झाला की थर बसला. मुरमावर तीन ते पाच सेंटीमीटर कच पसरून फळीनं सपाट करायची. याच टप्प्यावर उतार द्यायचा, घराच्या भिंतीकडून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे दोन सेंटीमीटर. नंतर काँक्रीटच्या जाडीत उतार काढायला गेलं तर एक कड पातळ राहते आणि तीच आधी मोडते.

सहा मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद वाट धरू. पाच सेंटीमीटर जाडीनं काँक्रीट लागेल जेमतेम १८० लिटर. तिच्याखाली वीस सेंटीमीटरचा मुरूम बाजू धरून घातला तर तो जवळपास एक घनमीटर भरतो, म्हणजे काँक्रीटच्या पाचपट. दाबल्यावर तो बसतो, म्हणून अर्धा ब्रास मागवावा. वाट बांधणं म्हणजे मुख्यतः मुरूम भरणं आहे हे या हिशेबातच दिसतं. ज्याला एवढं खोदायचा उत्साह नाही त्यानं गवतात सुट्या फरश्या ठेवाव्यात. ते जास्त प्रामाणिक काम होईल.

आता माल. घरगुती कामाला एकास दीडास तीन हे प्रमाण पुरेसं आहे: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. इंजिनिअर याला एम-२० म्हणतात. पन्नास किलोच्या पोत्यात साधारण ३५ लिटर सिमेंट असतं आणि या प्रमाणात एका पोत्याचं सुमारे १२५ लिटर काँक्रीट होतं. म्हणजे आपल्या वाटेला दीड पोतं, ८० लिटर वाळू आणि १६० लिटर खडी. मोजायला घमेली वापरू नयेत, प्रत्येक जण घमेलं वेगळं भरतो. एकच बादली ठरवावी आणि काठोकाठ सपाट करून मोजावं.

खडी २० मिलिमीटरची घेऊ नये. काँक्रीटच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाहून मोठा दगड त्यात नसावा असा दंडक आहे, आणि पाच सेंटीमीटरचा चौथा हिस्सा साडेबारा मिलिमीटर होतो. म्हणून दहा-बारा मिलिमीटरची बारीक खडी मागायची. ती साच्याच्या कोपऱ्यांत नीट जाते. नदीची वाळू आता सहसा मिळत नाही आणि मिळू नये हेच नदीच्या हिताचं आहे. मोशी परिसरातल्या खाणी आणि क्रशरमुळे या भागात क्रश सँडची सवय झालेली आहेच. घेताना मुठीत घासून पाहावी. हाताला पिठासारखी भुकटी फार लागली तर धुतलेली मागावी, कारण ती भुकटी पाणी ओढते आणि माल जड जातो म्हणून आपण आणखी पाणी ओततो.

एक इशारा खास या पट्ट्यासाठी. फाउंड्रीतून बाहेर पडलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून अंगणात आणू नये. तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि कधी रेझिनचे अवशेष असतात. त्यावर संशोधन चालू असेल, कारखान्यांत मोजूनमापून वापरही होईल, पण ज्या वाटेच्या कडेला आपण कोथिंबीर लावतो तिथे ती नको. साच्याला लावायच्या तेलाचंही तेच. बांधकामावर गाडीचं जळकं ऑइल सर्रास लावतात. बागेत ते मातीत उतरतं. खाण्याच्या तेलाचा हात किंवा साबणाचं घट्ट पाणी पुरतं.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, नवे स्फटिक आणि जेलसारखा पदार्थ तयार होतो आणि तोच वाळू-खडीला धरून ठेवतो. या क्रियेला लागतं त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे सूक्ष्म पोकळ्या सोडतं. शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये हे आकड्यांत मांडलं: काँक्रीटची ताकद ठरते ती पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर. आपल्याकडे हीच गोष्ट ह्यूम पाईपनं दाखवली. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये साचा गरगर फिरवून पाईप घडवण्याची युक्ती काढली, त्या वेगानं माल भिंतीवर दाबला जातो आणि जादा पाणी सुटं होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली आणि ते नळ गावोगावच्या मोऱ्यांखाली गेले. पुण्यात बी. जी. शिर्के यांनी भिंती, खांब, तुळया कारखान्यातल्या साच्यात घडवून जागेवर जोडण्याचं तंत्र उभं केलं. मुळेच्या पलीकडे बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी त्यांच्याच कंपनीनं बांधलं. एवढ्या मोठ्या कामांमागचा नियम आपल्या सहा मीटरच्या वाटेला लागू पडतो, हे मला फार आवडतं.

एम-२० साठी पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी असं भारतीय मानक सांगतं. साचा लगेच उचलायचा असेल तर २५ च्या आसपासच थांबावं. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल मुठीत दाबून पाहावा. गोळा टिकला पाहिजे, बोटांमधून पाणी गळता कामा नये. फाउंड्रीतला मोल्डर वाळूची ओल अशीच मुठीत पारखतो, त्यामुळे भोसरीतल्या अनेकांच्या हाताला ही परीक्षा आधीच येते. साचा उचलल्यावर कडा खाली बसल्या तर माल पातळ आहे. कडा चुरगळून पडल्या तर कोरडा आहे. बोअरचं जड पाणी असेल तरी घाबरायचं कारण नाही, कारण या वाटेत लोखंड नाही. गंजायला सळईच नसल्यानं पाण्यातल्या क्षारांची मर्यादा सळईच्या काँक्रीटपेक्षा सैल आहे.

अर्धं पोतंच एका वेळी कालवावं. सिमेंट आणि वाळू कोरडी एकजीव करून मग खडी, शेवटी पाणी थोडं थोडं. हा माल अर्ध्या तासात संपवायचा. घट्ट होऊ लागला म्हणून वरून पाणी मारून पुन्हा चालवला तर वर सांगितलेलं सगळं वाया जातं. साच्याखालची कच आधी ओलसर करून घ्यावी, नाहीतर ती मालातलं पाणी शोषते. माल भरल्यावर कोपऱ्यांत थापीचं टोक खुपसून हवा काढायची, लाकडी रंध्यानं वर सारखं करायचं. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. आषाढात त्यावर शेवाळ धरलं की घरातली वडीलधारी माणसं घसरतात. झाडूचे हलके फटकारे मारले की पकड येते. हातमोजे आणि गमबूट हवेतच, ओलं सिमेंट तीव्र अल्कलीचं असतं आणि त्वचा भाजते.

नंतर पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग. बाजारात सध्या बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं. ते ताकद हळू धरतं, म्हणून दहा दिवस ओल टिकवायला हवी. पण पिंपरी-चिंचवडकरांना २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं. चाकण-मोशीच्या कित्येक सोसायट्या टँकरवर आहेत. तेव्हा नळी लावून वाट धूत बसणं योग्य नाही आणि त्याची गरजही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं गोणपाट अंथरायचं, वर प्लास्टिक टाकून कडांना विटा ठेवायच्या. आत ओल राहते, दिवसातून एकदा शिंपडलं तरी भागतं. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढावं. मे महिन्यात माल साच्यातच वाळतो आणि जूननंतर खड्ड्यात पाणी भरतं.

काळी माती फार असेल तर मी एक बदल सुचवीन: वाट जागेवर न ओतता तुकडे आधी घडवावेत. पॅकिंगच्या पाईनवूडच्या फळ्या भंगारवाल्याकडे मिळतात, त्यांची ४० बाय ४० सेंटीमीटरची, पाच सेंटीमीटर उंचीची चौकट करायची, पार्किंगमध्ये प्लास्टिकवर ठेवून भरायची. असा एक तुकडा सुमारे १९ किलोचा होतो, एका माणसाला उचलता येतो. साठ बाय साठचा केला तर ४३ किलो होतो आणि कंबर धरते. तळाशी अळूचं पान उलटं ठेवून वर माल ओतला तर शिरांसकट त्याचा ठसा उमटतो, मुलांना हे काम फार आवडतं. अशा फरश्या ठेवण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना त्या जागेवरून नेहमीच्या चालीनं चालायला लावावं आणि पावलं पडतील तिथे खुणा कराव्यात. आजीच्या पावलाचं अंतर धरावं, नातवाच्या नाही.

ही वाट पायांसाठी आहे, चाकांसाठी नाही. भारतीय मानकात गाड्या नसलेल्या जागी ५० मिलिमीटरचे पेव्हिंग ब्लॉक चालतात आणि वाहनं आली की जाडी ६०, ८०, १०० अशी चढत जाते. तेही कारखान्यात यंत्रानं दाबलेले ब्लॉक. साच्यातल्या वाटेवरून स्कूटर नेली तर वाट तुटेल.

तुकड्यांमधल्या सांधी सिमेंटनं बुजवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. आपल्या शहरात सामासिक अंतरातली बरीच जमीन कोबा आणि ब्लॉकखाली गेली आहे. पाऊस थेट गटारात जातो आणि उन्हाळ्यात त्याच घरातली बोअर कोरडी पडते. सांध्यांत कच आणि माती भरून हरळी लावली तर तेवढी जमीन उघडी राहते आणि तुकडे हलण्यापुरती जागाही मिळते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर वाटेवरून एक चक्कर मारावी. पाणी कुठे थांबतं, कुठला तुकडा पायाखाली हलतो ते खडूनं खुणावून ठेवावं. जमीन उकलली की तो तुकडा पहारीनं अलगद उचलायचा, खाली कच भरून ठोकायची आणि परत बसवायचा. सगळे तुकडे सुटे असल्यानं बाजूच्यांना धक्का लागत नाही, आणि नवा माल कालवावा लागत नाही.