कललेल्या बोटीवरचा अँटेना

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या कामानिमित्त मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात होतो. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याकडे दहा मीटर लांबीची शिडाची बोट होती. उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही सहाजण अ‍ॅनापोलिसच्या धक्क्यावरून चेसापीक उपसागरात निघालो. बोटीवर उपग्रह रेडिओ होता. त्यावर गाणी तर लागतच, पण त्याच अँटेनावाटे हवामानाची माहितीही येई. कुठे पाऊस पडतो आहे, कुठे विजा चमकताहेत याचे चित्र एका छोट्या पडद्यावर दर काही मिनिटांनी ताजे होई. या उपसागरात उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्या वळवासारखी वादळे अचानक उठतात. त्यामुळे गाण्यांपेक्षा हे चित्रच मोलाचे.

दुपारी नैर्ऋत्येचा वारा वाढला. आमची बोट आग्नेयेकडे तोंड करून, चांगलीच कलून पळत होती. पश्चिमेला ढग जमू लागले, आणि नेमके तेव्हाच गाणे थांबले. पडद्यावरचे चित्रही तसेच गोठून राहिले. "ढग आडवे आले," सहकारी म्हणाला. त्याने परत फिरायचे ठरवले. बोट वायव्येकडे वळली, आम्ही सगळे उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो, आणि मिनिटभरात गाणे पुन्हा सुरू झाले! ढग होते तिथेच होते. नवे चित्र आले तेव्हा कळले की वादळ आमच्या अंदाजापेक्षा बरेच जवळ आहे. शिडे उतरवून, इंजिन लावून आम्ही कसेबसे वेळेत धक्क्याला लागलो.

मग अँटेनाच्या आड आले तरी काय होते?

ढगांवर संशय घेणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात छतावरच्या डिशवर येणारी दूरदर्शनची चित्रे अडखळतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पण ते प्रक्षेपण १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. त्याची तरंगलांबी अडीच सेंटिमीटर, आणि जोरदार पावसाचे थेंब दोन ते पाच मिलिमीटरचे. अशा लहरींची बरीच ऊर्जा थेंब शोषतात आणि विखुरतात. अमेरिकेतला उपग्रह रेडिओ २.३३ गिगाहर्ट्झच्या जवळपास चालतो. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागून मुलांना तरंगलांबी काढायला सांगा. जवळजवळ १३ सेंटिमीटर येईल. एवढ्या लांब लहरींच्या दृष्टीने थेंब नगण्य असतो. ढग निर्दोष ठरले.

आता उपग्रह कुठे होते ते पाहू. सिरियस आणि एक्सएम या तिथल्या दोन कंपन्या २००८ साली एकत्र आल्या. त्यांपैकी एक्सएमचे उपग्रह भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशांच्या आसपास. अ‍ॅनापोलिस ३९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून पहिला उपग्रह दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून ४४ अंशांवर दिसेल; दुसरा नैर्ऋत्येला, ३० अंशांवर. (दिसेल म्हणजे डोळ्यांना नव्हे, अँटेनाला.) दोन्हींवरून तोच कार्यक्रम येतो, एकावरून काही सेकंद उशिरा. एकाची वाट क्षणभर अडली तरी दुसऱ्यावर काम निभावते. शहरांत उंच इमारतींच्या सावलीत ऐकू यावे म्हणून जमिनीवरही प्रक्षेपक बसवलेले असतात. पाण्यावर तशी सोय नाही; तिथे आकाशावरच भिस्त.

शिडाची बोट वाऱ्याने ढकलली जाऊन वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला कलते. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे डोलकाठी ईशान्येकडे झुकलेली. उपग्रह मात्र नैर्ऋत्य-दक्षिणेला. म्हणजे बोट उपग्रहांकडे पाठ फिरवल्यासारखी मागे रेलली होती. ती २५ अंश कलली असे धरून हिशेब केला, तर बोटीच्या डेकच्या मानाने नैर्ऋत्येचा उपग्रह ३० वरून जेमतेम ५ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेचा ४४ वरून २२ अंशांच्या आसपास. ५ अंशांवरच्या उपग्रहाचे त्या अँटेनाला फारसे ऐकूच येत नाही. उरला २२ अंशांवरचा एक.

त्या एकाची वाट कोणी अडवली? आम्हीच. बोट कलली की तोल सांभाळायला सगळेजण वर उचललेल्या बाजूला जाऊन बसतात. आग्नेयेकडे जाताना ती बाजू उजवी होती, आणि अँटेना होता मागच्या कठड्याच्या खालच्या नळीला, डाव्या कोपऱ्यात. आमची डोकी त्याच्यापेक्षा साधारण एक मीटर वर आणि दोन मीटर अंतरावर. त्रिकोणमिती शिकणारा विद्यार्थी सांगेल की अँटेनावरून डोक्यांची उंची सुमारे २६ अंश भरते. २२ अंशांवरचा उपग्रह त्यामागे लपला! माणसाचे शरीर म्हणजे बरेचसे खारट पाणी, आणि या लहरींना ते ओलांडता येत नाही. बोट वायव्येकडे वळल्यावर डावी बाजू वर आली. अँटेनाही त्याच बाजूला होता. कल तेवढाच राहिला, पण त्याच्यापुढे आता मोकळे पाणी आणि मोकळे आकाश होते.

हे वर्गात करून दाखवता येते. पुठ्ठ्याच्या होडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक बटण चिकटवा, उजव्या काठावर मातीची माणसे बसवा. उजवीकडून, थोडे पुढच्या अंगाने, ४४ अंश उंचीवर टॉर्च धरा. होडी सपाट असताना बटणावर उजेड पडतो. ती डावीकडे कलवत नेली की माणसांची सावली सरकत सरकत बटणावर येते. कोनमापक आणि ओळंबा लावून कोन मोजायला मात्र विसरू नका.

इथे कोणी विचारील, की मग डिशसारखा मोठा अँटेना बसवून उपग्रहावर नीट रोखून का ठेवत नाहीत? कागदाची लांब, अरुंद पुंगळी करा, झोपाळ्यावर बसा आणि तिच्यातून एखादा तारा पाहत राहण्याचा प्रयत्न करा. तारा सारखा निसटेल. आखूड, रुंद पुंगळीतून तो सहज दिसत राहील. अँटेनाचेही असेच असते. दुरून येणारा क्षीण संदेश जास्त गोळा करायचा तर त्याला एकाच दिशेकडे लक्ष द्यावे लागते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिशची नजर १२ गिगाहर्ट्झला साधारण ३ अंशच रुंद असते. डुलणाऱ्या बोटीवर ती क्षणभरही टिकणार नाही. त्यासाठी तोल सांभाळणारी महागडी फिरती यंत्रणा लागते. उपग्रह रेडिओचा अँटेना तळहाताएवढा, आणि बहुतेक सगळे आकाश तो एकदम पाहतो. त्याची ही उणीव उपग्रहाने भरून काढायची. म्हणून उपग्रहावर शक्तिशाली प्रक्षेपक आणि मोठी परावर्तक तबकडी असते. २००९ साली सोडलेल्या सिरियसच्या एका उपग्रहावर अवकाशात उलगडणारी सुमारे ९ मीटरची तबकडी होती. शिवाय आवाजाला चित्रांपेक्षा खूपच कमी माहिती पाठवावी लागते. भारतात २००९ अखेर बंद पडलेला 'वर्ल्डस्पेस' रेडिओ काही वाचकांनी ऐकला असेल. त्याचाही अँटेना लहानसाच असे, पण मोकळे आकाश त्यालाही लागे.

अँटेना डोलकाठीच्या टोकावर का नको, हा पुढचा प्रश्न. बोटींमधल्या १५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओचा अँटेना तिथेच असतो, कारण त्याला क्षितिजापलीकडे पोचायचे असते. ३६,००० किलोमीटरपुढे १५ मीटरने काय फरक पडणार? उलट तेवढी लांब केबल आली. साध्या बारीक केबलमध्ये या वारंवारतेला मीटरमागे जवळपास एक डेसिबल गळती होते. १५ मीटरमध्ये संदेश तीसेक पटींनी घटेल. अँटेनातच छोटा प्रवर्धक असतो, पण त्याच्या भरवशावर लांब केबल ओढणे मला तरी पटत नाही.

डोलकाठीला चिकटूनही नको. ती अ‍ॅल्युमिनियमची, पंधरा सेंटिमीटर जाडीची. अगदी जवळ असली तर आकाशाचा मोठा तुकडा झाकते. सहा-सात मीटर लांब गेले की तिची सावली अरुंद होते, आणि १३ सेंटिमीटरच्या लहरी तिला वळसा घालून पुष्कळशा पोचतात. दोरखंडाएवढ्या जाड तारांची तर फिकीरच नको. पॉलिएस्टरची शिडे या लहरींना काचेसारखी असतात. कार्बन तंतूंची मात्र भिंतीसारखी. रडार असेल तर त्याच्या झोतात अँटेना कधीही येऊ देऊ नये.

सहकाऱ्याने आधी मोटारीचा अँटेना वापरून पाहिला होता. त्याच्या बुडाशी लोहचुंबक असतो आणि गाडीचा पत्रा त्याला नुसता धरून ठेवत नाही, तर त्याच्या कामातही मदत करतो. फायबरग्लासवर चुंबक चिकटेना आणि पत्र्याची साथही मिळेना. बोटींसाठी बनवलेल्या अँटेनात धातूची ती चकती आतच असते.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मागच्या कठड्यावर स्टेनलेस स्टीलची नळी उभी केली आणि अँटेना तिच्या टोकाला, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या बराच वर नेला. जुना जोड उघडला तेव्हा आतले तांबे, ताक ठेवलेल्या पितळी भांड्यासारखे, हिरवे कळकलेले निघाले. खाऱ्या हवेत हे ठरलेलेच. नव्या जोडावर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळली आणि केबल डेकमधून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे ओघळणारे पाणी तिथूनच बाहेर ठिबकते.