घर मोडलं म्हणून पोरगं बिघडलं?

अठराच्या आतल्या एखाद्या पोराने मोबाइल चोरला, भांडणात चाकू काढला, की कळमनुरीच्या बाजारात कारण लगेच सांगितलं जातं: एकत्र कुटुंबं मोडली, धाक उरला नाही. असं म्हटलं की दोष काळावर ढकलता येतो.

पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले, तर पकडलेल्या दहा मुलांपैकी आठांहून जास्त आईवडिलांजवळच राहणारी असतात. अर्थात देशातली बहुतेक मुलं आईवडिलांजवळच असतात, त्यामुळे एवढ्यावरून घर निर्दोष ठरत नाही. त्यापेक्षा नेमकं उत्तर दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलांच्या, १९६१ पासून चाललेल्या अभ्यासात मिळतं. आईबाप वेगळे झाल्यावर आईजवळ वाढलेल्या मुलांत गुन्ह्याचं प्रमाण, शांतपणे नांदणाऱ्या घरांतल्या मुलांएवढंच निघालं. एका छपराखाली राहून सतत भांडणाऱ्या घरांत मात्र ते मोडलेल्या घरांच्या एकूण प्रमाणाइतकंच जास्त होतं. तेव्हा ‘एकट्या बाईला पोरगं आवरत नाही’ हे बोलणं विधवा आणि टाकलेल्या बायकांवर अन्याय करणारं आहे. नवरा दारू पिऊन रोज मारत असेल, तर ‘पोरांसाठी सहन कर’ हा सल्लाही पोरांच्या हिताचा नाही.

एकाच घरात नांदणारे आईबाप आणि भरपूर पैसा यांनीही सगळं निभत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला. मोटार चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा, सधन घरातला. पुढे त्याच्या आईवडिलांवरही गुन्हे दाखल झाले.

आपल्या भागात कुटुंब बदलतं ते निराळ्या तऱ्हेने. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरूण, लहानगं लेकरू चढतं आणि नववीतला पोरगा आजीजवळ राहतो. पाणी भरायचं, शेळी सांभाळायची, आजीची गोळी आणायची. शाळा आठवड्यातून दोन दिवस, मग तीही नाही. आईबाप परतेपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. याला कुणी मोडलेलं कुटुंब म्हणत नाही. ते मोडलेलं नाहीच. पण पोरगा रात्री कुठे होता, हे विचारणारं माणूस सहा महिने दोनशे मैलांवर उसाच्या फडात असतं. म्हणून यातली सगळी पोरं वाया जातात असंही नाही. बहुतेक जण आजीचं घर चालवतात, आणि त्यांना संशयाने पाहणं हा दुसरा अन्याय.

‘अल्पवयीन आहे, सुटतोच’ हेही अर्धवट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांचं मंडळ प्रकरण ऐकतं. मुलाला विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवता येतं. गुन्हा अतिगंभीर आणि वय १६ ते १८ असेल, तर त्याला प्रौढ समजून खटला चालवायचा का, याचीही तपासणी होते. परिविक्षा अधिकारी घरची चौकशी करून अहवाल देतो. त्या वेळी आईबाप फडावर असतील, तर त्याच्याशी बोलायला फक्त आजी असते.

आणि खरी फट आहे ती वयाची. पकडलेल्या मुलांत सर्वांत मोठा वाटा १६ ते १८ वयाचा. शिक्षण हक्क कायदा मात्र सहा ते चौदा वर्षांपुरता, आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहंही त्याच वयापुरती धरलेली. नववीत गेलेल्या पोराला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच तो यादीतून गळतो. कळमनुरी तालुक्यातल्या गावांनी ग्रामसभेत मागायचं असेल तर हे मागावं: नववी ते बारावीच्या मुलांनाही हंगामी वसतिगृह, आणि तेही ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी सुरू झालेलं.