शंभर डायमंड, ऐंशी रुपये

सकाळी 8.30
सांगोल्याच्या एसटी स्टँडसमोर सहा बाय आठचं दुकान. रिचार्ज, दुरुस्ती, कव्हर, टफन. दुकानदार तिशीतला, लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणतात. शटर वर केलं की पहिलं काम रिटेलर ॲपात पैसे भरायचं. आज पाच हजार. दुकानाचं भाडं महिन्याला साडेचार हजार, वीज वेगळी.

सकाळी 9.40
शाळेच्या वाटेवरची पोरं. दप्तर पाठीला, मुठीत चुरगळलेल्या नोटा. "दादा, ऐंशीचा कोड." ऐंशी रुपयांचा गुगल प्लेचा कोड, म्हणजे फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेममध्ये 100 डायमंड. डायमंड हे गेममधलं चलन. मूळ फ्री फायरवर 2022 च्या फेब्रुवारीत बंदी आली. मॅक्स राहिला, पोरांचं काही अडलं नाही. दादा नोटा मोजतो, कोड जुन्या बिलाच्या पाठीवर उतरवून देतो. त्याला सुटतात दोन रुपये.

शाळकरी पोराला दिवसाला एकच कोड, शंभर रुपयांच्या वरचा मागितला की घरी फोन. हा नियम त्याचा त्यानं केलाय.

सकाळी 11.15
चार्जिंग पिन बदलायची आहे. हॉट गन, चिमटा, फ्लक्स. जुनी पिन सुटेपर्यंत हात हलता कामा नये. पाऊण तास मान खाली. सुटा भाग तीस रुपयांचा, मजुरी धरून दीडशे.

दुपारी 1.10
डाळिंबाच्या बागेतून एक बाई येतात. जेवणाच्या सुट्टीत निघून आल्यात, ओढणीला माती तशीच. पासबुक काचेवर ठेवतात. "दादा, पैसं कुठं गेलं बघ की जरा."

तो पासबुकावर बोट फिरवतो. 80. 29. 80. 159. 80. पान उलटतो, पुढंही तेच. मग त्यांच्या फोनवर प्ले स्टोअरमधली खरेदीची यादी उघडतो. एकूण 2,810 रुपये, दीड महिन्यात. फोनवर पैसे पाठवायचं ॲप बारा वर्षांच्या पोरानंच चालू करून दिलं होतं. पिन त्याला पाठ. बाई बोटांवर हिशोब करतात. रोज साडेतीनशे. "आठ रोज गेलं म्हणायचं."

शेवटच्या दोन खरेद्या कालच्या आहेत. अठ्ठेचाळीस तासांच्या आतल्या खरेदीचे पैसे गुगलकडे परत मागता येतात. तो दोन्ही अर्ज भरतो. बाकीच्यांसाठी गेम कंपनीला मेल लिहितो, पण त्याचं काही सांगता येत नाही, हेही सांगून टाकतो. मग सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करतो आणि पासवर्ड बाईंनाच टाकायला लावतो. पोराला सांगायचा नाही, हे दोनदा बजावतो. बाई वीस रुपये पुढं करतात. तो घेत नाही.

"पोराला मारू नका, मावशी."

दुपारी 3.00
डबा. चपाती, शेंगदाण्याची चटणी. मधेच दोन रिचार्ज.

संध्याकाळी 5.20
शाळा सुटली. नववीतला एक पोरगा फोन पुढं धरतो. गेममध्ये चाक आलंय, त्यात बंदुकीची स्किन, म्हणजे बंदुकीचं नवं रूप. दहा बक्षिसांतली नको ती दोन काढायची, उरलेल्या आठांवर चाक फिरवायचं. दादा पेन घेतो, बिलाच्या पाठीवर लिहितो: 9, 19, 39, 69, 99, 149, 199, 499. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा महाग. बेरीज 1,082 डायमंड. ऐंशीच्या भावानं साडेआठशेच्या वर.

"पहिल्याच फेरीत आली तर?"

"आणि आठव्या फेरीत आली तर?"

मला राग येतो तो इथंच. पहिली फेरी जेमतेम सात रुपयांची. पुढं पोरगं थांबलं, तर आधी घातलेलं वाया गेलं असं त्याला वाटतं. न थांबता गेलं, तर शेवटची एक फेरी चारशेला पडते, म्हणजे बागेतल्या एका रोजापेक्षा जास्त. पण पडद्यावर रुपया कुठंच दिसत नाही, दिसतो निळा डायमंड. दादाच्या काउंटरवर तरी नोट हातातून सुटते, तेवढं पोराला कळतं.

पोरगा आकडे वाचतो. कागद घडी करून खिशात ठेवतो. ऐंशीचा कोड घेतोच.

संध्याकाळी 7.30
गर्दी. एक जण विचारतो, ऑनलाइन गेम तर सरकारनं बंद केले ना? 2025 च्या ऑगस्टमधला कायदा पैसे लावून, पैसे जिंकायच्या खेळांचा आहे. डायमंडचे पुन्हा रुपये होत नाहीत, म्हणून हे चालू. दादा दोन वाक्यांत सांगतो आणि पुढच्याचा नंबर टाकतो.

रात्री 9.15
गल्ला मोजतो. आज कोड गेले साडेसोळाशेचे. त्यातून सुटले एक्केचाळीस रुपये. एवढ्यासाठी विकतोच कशाला, मी विचारतो.

"मी बंद केलं तर पोरं स्टँडपलीकडं जातील. तिथं घरी फोन कोण लावतंय?" जरा थांबून म्हणतो, "पण एक्केचाळीस रुपयेही लागतातच की."

शटर अर्धं ओढलेलं असताना बाईंचा फोन येतो. एका खरेदीचे ऐंशी रुपये मंजूर झाल्याचा मेसेज आलाय. दुसरीचं काय, असं त्या विचारतात. फोन घेऊन उद्या जेवणाच्या सुट्टीत या, तो सांगतो.