व्यसनमुक्तीतील वेदनाशमन

मद्य, अफूजन्य पदार्थ इत्यादींच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीची इजा, शस्त्रक्रिया वा आजार यांमुळे होणारी वेदना, व्यसन पुन्हा न जडेल अशा रीतीने शमविण्याचे उपचार. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल येथील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ओतशाळांत भाजणे, यंत्रात बोटे चिरडणे हे धोके असतातच. व्यसन सोडलेल्या कामगारापुढे हा प्रश्न केव्हाही उभा राहू शकतो.

अशा रुग्णास तीव्र वेदनाशामक देऊच नये, हा समज रूढ असला, तरी घातक आहे. न शमलेली वेदना आणि तीमुळे होणारा निद्रानाश हीच व्यसनाकडे परतण्याची प्रबळ कारणे ठरतात. दीर्घकाळ अफूजन्य पदार्थ घेतल्याने शरीरात सह्यता निर्माण होते, म्हणजे तोच परिणाम साधण्यास अधिक मात्रा लागते. काहींची वेदनासंवेदनाही वाढते. त्यामुळे जादा औषध मागणारा रुग्ण ढोंगी मानणे अन्यायाचे होय. उलट, व्यसन सुटून काही काळ लोटला की सह्यता ओसरते आणि पूर्वी सोसणारी मात्रा श्वसन बंद पाडू शकते.

शक्य तेथे जखमेच्या भागापुरते बधिरीकरण करतात. मद्याने यकृत बिघडले असल्यास पॅरासिटामॉल सामान्यतः दिवसाला २ ग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. आयबुप्रोफेनाने जठरात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. डायसल्फिराम घेणाऱ्यास अल्कोहॉलयुक्त खोकल्याचे औषधही बाधते. ट्रॅमॅडॉल निरुपद्रवी समजले जाई. त्याचेही व्यसन लागते आणि १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली ते २०१८ मध्ये आणले गेले.

ब्युप्रेनॉर्फीन चालू असल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी ते सहसा बंद करीत नाहीत. त्याच्या रोजच्या एका मात्रेने वेदना दिवसभर शमत नाही. म्हणून तीच मात्रा विभागून देतात. नाल्ट्रेक्सोन मात्र मॉर्फिनाचा परिणामच रोखते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या गोळ्या सुमारे ७२ तास आधी थांबवितात. अपघातात तेवढी सवड नसते, म्हणून ही माहिती रुग्णाने किंवा नातलगांनी दाखल होतानाच सांगणे आवश्यक असते. लाजेपोटी ती लपविली जाते, ही मोठी अडचण आहे.

मोठ्या इजेत मॉर्फीन द्यावेच लागते. ते ठराविक तासांनी देतात व बंद करण्याचा दिवस आधीच ठरवितात. घरी थोड्याच दिवसांचा साठा दिला जातो व तो पत्नीच्या वा भावाच्या हाती ठेवतात. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या (स्थापना १९८६) केंद्रात पूर्वी उपचार झाले असल्यास तेथील समुपदेशकास कळविणे उपयुक्त ठरते.